मेंढ्यांशिवायचा माळ

गावाला कुणालाही सरळ नावाने हाक मारायचा कंटाळा. पाय ओढत चालतो तो लंगड्या, कमी बोलतो तो मुका, आणि टेकडीवरच्या माळाची राखण करता करता फुलपाखरांच्या नादी लागला तो पाखऱ्या. आरंभी हे नाव चिडवायला होतं. पोरं त्याच्या मागून हात पसरून उडाल्यासारखं करायची. किराणा दुकानदार पुडी बांधता बांधता 'आज किती उडाली रे?' म्हणून डोळा मारायचा. पुढे चिडवण्यातली धार गेली आणि नाव तेवढं उरलं. बायको त्याला 'अहो' म्हणायची. आणि घरात एक जण 'दादा' म्हणायचा, पण तो आता गावात नव्हता. ही गोष्ट तशी पाखऱ्याची आहे, पण त्या एकाला वगळून ती सांगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

पाखऱ्याचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गल्लीच्या शेवटच्या टोकाला. दोन खोल्या, मधल्या भिंतीला दार नाही, नुसती चौकट. मागच्या अंगाला मेंढवाडा, आणि स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी नेमकी त्या वाड्यावर उघडणारी. त्यामुळे घरातल्या पांघरुणांना, उशांना, बायकोच्या केसांना, अगदी पिण्याच्या पाण्यालासुद्धा लोकरीचा वास. पाहुणे नाक मुरडायचे. घरच्यांना मात्र असा काही वास आहे याचा पत्ताच नव्हता.

धाकटा हा त्याचा सावत्र भाऊ. बापाने उतारवयात दुसरं लग्न केलं आणि दुसऱ्या गावी जाऊन राहिला. एका हिवाळ्यात एकाच दुखण्याने नवरा-बायको दोघंही गेली. पाखऱ्या तिथे पोचला तेव्हा नातेवाइकांची वाटणी चालली होती. कुणी हंडा उचलला, कुणी गोधडी, कुणी भिंतीवरचं घड्याळ. कोपऱ्यात एक चार वर्षांचं पोर नाक ओढत बसलं होतं, त्याला कुणी उचलत नव्हतं. पाखऱ्याचं नवीनच लग्न झालेलं. त्याने कुणाला काही विचारलं नाही. पोर खांद्यावर घातलं आणि चालू लागला. वाटेत पोराने त्याच्या मानेवर मनसोक्त मुतून घेतलं.

बायकोने दार उघडलं. "हे कोण?"

"आपलं आहे."

बायकोने एकदा पोराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडे. "मग दोघंही आधी न्हाणीत जा," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला गेली. विषय तिथेच संपला. पुढे त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. कुणी हळहळ दाखवायला आलं की ती म्हणायची, "एक आहे की. तोच आवरत नाही."

खरंच आवरत नव्हता. शाळेत पाठवला की मेंढवाड्यात सापडायचा. बापाकडून आलेला लहानसा कळप होता, तो त्याने कधी आपला करून घेतला हे कुणाला कळलंच नाही. त्याची एक हाक होती. जीभ टाळ्याला लावून काढलेला 'ट्र्र्र', आणि मागून वर चढत जाणारा 'हेऽया'. ती ऐकली की टेकडीच्या पार पलीकडची मेंढी मान वर करायची. पाखऱ्यानेही ती हाक काढून पाहिली होती. जावईबापूंनी केलेला विनोद सासरची माणसं जशी ऐकून घेतात, तशा मेंढ्या त्याच्याकडे बघायच्या आणि पुन्हा खाली मान घालायच्या. धाकटा हसून हसून लोळायचा. "दादा, राहू दे रे! त्या घाबरतील!"

पुढे पाखऱ्याला माळाच्या राखणदाराची नोकरी लागली. खाकी कोट, शिट्टी आणि माळाच्या कडेला एक पत्र्याची खोली. काम तसं काहीच नव्हतं. वणवा लागू द्यायचा नाही, कुणाला माती उपसू द्यायची नाही. दिवसभर मोठा भाऊ माळावर हिंडायचा आणि धाकटा त्याच माळावर मेंढ्या चारायचा. दुपारी दोघं खोलीच्या सावलीत एका डब्यात जेवायचे. मी म्हणेन की ते दोघं त्या वेळी सुखी होते, पण सुखी माणसाला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

मग भिंगवाल्या बाई आल्या. त्यांचं नाव अवघड होतं आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं, त्यामुळे गावाने पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं उरकून टाकलं. तेव्हा त्या तरुण होत्या, पायात मोठे बूट, हनुवटीला नेहमी माती लागलेली. माळावर एक निळं फुलपाखरू उडायचं, दोन अंगठे शेजारी ठेवले की झाकलं जाईल एवढं, पंखांवर काळे ठिपके. पाखऱ्याने ते लहानपणापासून पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतंच. बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, की आसपासच्या सगळ्या टेकड्यांवरून हे नाहीसं झालंय, आता उरलंय ते एवढ्या तुमच्या माळावर.

'तुमच्या माळावर' हे शब्द पाखऱ्याला लागले. चांगल्या अर्थाने लागले, तरी लागलेच. आजवर त्याचं म्हणावं असं जगात फारसं काही नव्हतं. बाई त्याला विचारायच्या, "दादा, काल कुठल्या बाजूला दिसलं? तुम्हाला काय वाटतं?" शिकलेलं माणूस त्याला काय वाटतं ते विचारत होतं! तो घरी येऊन बायकोला सांगायचा, की मादी फक्त रानओव्याच्या कळीवर अंडं घालते. जमिनीला चिकटून वाढणारं, चुरगाळलं की ओव्याचा वास येणारं ते झुडूप. अळी थोडे दिवस फुलं खाते आणि मग खाली मातीत पडते. "आणि मग?" बायकोने एकदा विचारलं. "मग पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन वर येते. मधे काय करते ते अजून बाईंनाही नीट कळलेलं नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा, की जणू बाईंना न कळलेलं गुपित त्याच्या खिशात आहे.

एका कोरड्या उन्हाळ्यात फुलपाखरं कमी दिसली. बाईंची झोप उडाली. वरची माणसं आली, खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही बाहेर उभी राहिली. चर्चा फार लांबली नाही, कारण दोष कुणाचा ते उघड दिसत होतं. मेंढ्या रानओव्याच्या कळ्या खातात, कळ्यांवर अंडी असतात. पाखऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मेंढीच्या तोंडात कळी, आणि कळीवर तो पांढरा ठिपका. त्यानेच ते बाईंना सांगितलं होतं. माळाला कुंपण घालायचं ठरलं. तारा आल्या, खांब आले, लोखंडी फाटक आलं, आणि फाटकाची किल्ली पाखऱ्याच्या कोटाच्या खिशात आली.

धाकट्याने तो उन्हाळा रस्त्याच्या कडेने आणि ओढ्याच्या काठाने मेंढ्या हिंडवून काढला. थंडी सुरू झाली तसा तो एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "दादा, फुलं झडली. आता आत अंडीही नाहीत की कळ्याही नाहीत. थंडीचे महिने तरी फाटक उघड. मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्यात."

"कुंपण म्हणजे कुंपण. एकदा उघडलं की गावभरची जनावरं आत शिरतील."

"गावात मेंढ्या माझ्याच आहेत रे!"

"बाईंना विचारावं लागेल."

"मग विचार की."

पाखऱ्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली. बाई नाही म्हणतील याची नव्हे. भावासाठी सवलत मागायला आला असं त्या मनात म्हणतील, याची. बायकोने दोन-तीनदा आठवण केली. चौथ्यांदा तिने नुसतंच ताट जरा जोरात ठेवलं.

पावसाने एका जागी कुंपणाखालची माती वाहून नेली होती. एका सकाळी धाकट्याने तिथली तार उचलून धरली आणि मेंढ्या आत सोडल्या. नेमक्या त्याच सकाळी वरचे एक साहेब शाळेच्या मुलांना घेऊन माळ दाखवायला आले होते आणि पाखऱ्या त्यांच्यापुढे छाती काढून निळ्या फुलपाखराची कथा सांगत होता. मुलांपैकी कोणीतरी बोट दाखवलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. पाखऱ्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो काठी घेऊन धावला आणि सगळ्यांत पुढच्या मेंढीच्या पायावर त्याने काठी हाणली.

"मारू नको! गाभण आहे ती!" धाकटा ओरडला.

"तू आधी बाहेर हो! चारचौघांत माझी अब्रू काढतोस?"

"दादा, भुकेनं मरतायत रे..."

"रक्ताचा असतास तर भावाची लाज राखली असतीस," पाखऱ्या म्हणाला. इथे थांबला असता तरी पुष्कळ होतं. "परका तो परकाच. उगाच खांद्यावर घालून आणला."

धाकटा अगदी हळू, तोंडातल्या तोंडात 'ट्र्र्र' म्हणाला आणि सगळ्या मेंढ्या वळून त्याच्या मागे गेल्या. ती लंगडणारीसुद्धा.

आठवड्याभरात एक व्यापारी ट्रक घेऊन आला आणि कळप गेला. धाकट्याने एक पिशवी भरली. दारातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, मरणाच्या घरातून निघतानाच काय तो म्हणत नाही. धाकटा म्हणाला, "जातो, वहिनी." वहिनीने ते ऐकलं आणि ती चुलीजवळच बसून राहिली. पाखऱ्या माळावरच्या खोलीत होता. तो मुद्दाम खाली आला नव्हता.

तोंडातून गेलेला शब्द परत गिळता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पाखऱ्यालाही माहीत होतं. पण त्याला वाटलं, पोरगं चिडलंय, चार दिवसांनी येईल. चार दिवसांचे चार महिने झाले आणि मग त्याने मोजणं सोडलं.

माळ मात्र फुलला. मेंढ्यांचं तोंड लागेना म्हणून गवत गुडघ्यापर्यंत आलं, वाऱ्यावर लाटा उठायला लागल्या. येणारा जाणारा म्हणायचा, वा! पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरंही भरपूर उडाली. पाखऱ्या धापा टाकत घरी आला. "बघितलंस? सांगत नव्हतो मी?" बायको भांडी घासत होती, ती घासतच राहिली. मागे मेंढवाडा रिकामा होता. घरातला लोकरीचा वास कमी होत चालला होता, आणि आता कुठे तिला कळत होतं की असा काही वास होता. एकदा तिने धाकट्याची जुनी घोंगडी पेटीतून काढली, नाकाला लावली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. पाखऱ्याने चौकटीतून पाहिलं आणि खोकल्यासारखं करून तो बाहेर गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फुलपाखरं निम्मी झाली. मग तुरळक. पाखऱ्याने पावसाला दोष दिला, उन्हाला दिला, खालच्या शेतांतल्या फवारणीला दिला, जाळी घेऊन येणाऱ्या पोरांना दिला. एका उन्हाळ्यात एकच दिसलं. ते गवताच्या पात्यांवरून खाली उतरायला जागा शोधत बराच वेळ घिरट्या घालत होतं. पाखऱ्या त्याच्या मागे मागे गेला, 'अरे बस, बस कुठेतरी' म्हणत. पुढच्या उन्हाळ्यात तो रोज सकाळपासून उकिडवा बसून राहिला. एकही आलं नाही.

मधली काही वर्षं बाई परदेशी होत्या; आता परत आल्या तेव्हा त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. या वेळी त्यांनी आकाशाकडे पाहिलंच नाही. त्या गवत बाजूला सारून गुडघ्यांवर बसल्या, खुरप्याने माती उकरली, मातीत उष्णता मोजायची नळी खुपसली. कुंपणाच्या आत खुपसली, मग फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या उघड्या जागेत खुपसली. आतून बाहेर, बाहेरून आत. संध्याकाळी त्या खोलीत येऊन बसल्या. पाखऱ्याने चहा पुढे ठेवला, तो तसाच राहिला.

"दादा, अळी मातीत पडल्यावर काय करते, ते मी दुसऱ्या देशात जाऊन शिकून आले," बाई म्हणाल्या. "तिला एक तांबडी मुंगी घरी घेऊन जाते."

"खायला?"

"नाही. सांभाळायला. अळीच्या अंगाला अगदी त्या मुंगीच्या पिल्लांचा वास येतो. मुंगीला वाटतं, आपलंच पोर बाहेर पडलंय. ती उचलते आणि वारुळात नेते. अख्खी थंडी अळी तिथे राहते, मुंग्या तिला जपतात. ती त्यांचीच पिल्लं खाते तरी जपतात."

पाखऱ्या ऐकत होता.

"हे काही एका दिवसात जुळलेलं नाही. ज्या अळ्यांचा वास जुळला त्या जगल्या, बाकीच्यांना मुंग्यांनी फाडलं. असं पिढ्यान्‌पिढ्या, हजारो वर्षं होत होत हे फुलपाखरू त्या एका मुंगीचं झालं. दिसायला हुबेहूब दुसरी मुंगी असली तरी चालत नाही, ती अळीला ओळखत नाही, मारून टाकते. आणि आपली मुंगी उबेची. तिला उन्हाने तापलेली माती लागते. गवत वाढलं की सावली पडते, माती थंड होते, ती निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. आता माळावर सगळी दुसरीच आहे."

"गवत वाढलं की," पाखऱ्या म्हणाला.

"हो."

"गवत आखूड कोण ठेवत होतं, बाई?"

बाईंनी मान खाली घातली. त्यांच्या हनुवटीला अजूनही माती होती. "मेंढ्या चार कळ्या खात होत्या हे आपल्याला दिसलं. बाकी काय करत होत्या ते दिसलं नाही. चुकलो आपण, दादा."

बाई भल्या होत्या. त्यांनी 'आपण' म्हटलं, आणि खोटं म्हटलं नाही. पण पाखऱ्याला तो आधार घेता येईना. बाईंची चूक मुंगीपुरती होती. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. मुंगी फसून परक्याचं पोर उचलते, ते पोर तिचं घर खातं, तरी ती त्याला बाहेर काढत नाही. आणि आपण डोळ्यांदेखत, जाणूनबुजून आणलेलं पोर, ज्याने कधी कुणाचं काही खाल्लं नाही, त्याला हाकलून दिलं.

बाईंनी वर लिहून परवानगी आणली, माळावर पुन्हा मेंढ्या चारायच्या. पाखऱ्या म्हणाला, मेंढपाळ मी आणतो. धाकटा कुठे आहे ते बायकोला ठाऊक होतं. शेजारणीच्या फोनवर तो अधूनमधून वहिनीशी बोलायचा. पाखऱ्याला हे माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं दाखवायचं हेही माहीत होतं.

धाकटा शहरात एका शीतगृहात पेट्या उचलायचा. राहायला टायरच्या दुकानावर एक खोली. खिडकी उघडली की समोरची भिंत, हात लावता येईल इतकी जवळ. दारामागे कापूस भरलेला जाड कोट लटकत होता. शीतगृहात बाराही महिने थंडी, त्याची बोटं सुजून लाल झाली होती. दादाला दारात पाहून त्याने खुर्ची पुढे ओढली, फडक्याने पुसली.

"बसा. प्रवास कसा झाला?"

त्याने खाली जाऊन चहा आणला. स्वतः फुटक्या कपात घेतला आणि धड कप दादाला दिला. पाहुण्याला द्यावा तसा. पाखऱ्या जवळ सरकला, तेव्हा त्याला जाणवलं की भावाच्या अंगाला साबणाचा आणि लोखंडाचा वास येतोय, दुसरा कसलाच नाही.

वाटेत त्याने बोलणं घोकून ठेवलं होतं. ते त्याने एका दमात सांगून टाकलं. मुंगी, अळी, ऊब, गवत. "तूच बरोबर होतास. मेंढ्यांशिवाय माळ मेला. आता परवानगी आली आहे. माळाला तुझी गरज आहे. कळप उभा करून देतायत. चल."

धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. मग जरासा हसला. जुनं लोळून हसणं नव्हे.

"म्हणजे तेव्हा फुलपाखरांसाठी मेंढ्या नको होत्या."

"हो."

"आणि आता फुलपाखरांसाठी मेंढ्या हव्यात."

"हो रे."

"मग आणा की मेंढ्या. कुणाच्याही चालतील. गवत खायला काही रक्ताचं नातं लागत नाही."

यावर काय बोलायचं ते पाखऱ्याच्या घोकण्यात नव्हतं. खालून टायर ठोकल्याचा आवाज येत राहिला. धाकट्याची कामाची वेळ झाली, त्याने कोट चढवला. जिन्याच्या तोंडाशी तो म्हणाला, "वहिनीला सांगा, मी बरा आहे. तिला थंडीत गुडघ्यांना तेल लावत जा म्हणावं." आणि रस्ता ओलांडून भुऱ्या कोटांच्या घोळक्यात शीतगृहाच्या दारातून आत गेला.

घरी बायको दारातच उभी होती. पाखऱ्या एकटाच आलेला पाहून ती आत वळली. पाणी देताना तिने विचारलं, "काय म्हणालात त्याला?"

त्याने शब्द न् शब्द सांगितला.

"म्हणजे फुलपाखरांसाठी बोलवायला गेला होतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "अहो, माझ्यासाठी तरी म्हणायचं होतंत. तुम्हाला स्वतःसाठी म्हणायला जड जात होतं, तर माझ्यासाठी."

पाखऱ्या त्या दिवशी जेवला नाही. एवढ्या वर्षांत भावाला सांगायची गोष्ट एकच होती. मी चुकीचं बोललो, तू माझा आहेस, घरी चल. ती त्याने सांगितलीच नव्हती. उलट पुन्हा एकदा माळ मधे घातला होता. लगेच दुसऱ्या दिवशी परत जायला हवं होतं, हे मलाही कळतं आणि त्यालाही कळत होतं. पण लाज ही मोठी वाईट गोष्ट. ती माणसाला चूक करताना अडवत नाही, चूक निस्तरताना मात्र पाय धरून बसते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता थंडी सरली. शेजारणीकडे येणारे फोन आधी कमी झाले, मग बंद पडले. तेव्हा तो धावला.

खोलीत दुसरंच कुणी राहत होतं. शीतगृह मालकाने विकलं होतं, माणसं पांगली होती. टायरवाला म्हणाला, मजुरांच्या एका टोळीबरोबर गेला, बंदराकडे का कुठेसा, पत्ता कोण देतो? भला माणूस होता, वर जाताना हाक मारायचा. दारामागचा जाड कोट तेवढा राहिलाय, हवा तर न्या. पाखऱ्याने कोट घडी करून छातीशी धरला आणि तसाच बसमध्ये बसला. त्या कोटाला कसलाच वास नव्हता. पुढे वर्षभर सुटी मिळेल तेव्हा तो बंदराच्या बाजूला जाऊन विचारून आला. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

माळावर परगावच्या एका मेंढपाळाचा कळप आला. गवत आखूड झालं, माती तापू लागली. दोन-तीन वर्षांनी बाईंना कुंपणाच्या कडेला तांबडी मुंगी सापडली, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. मग त्यांनी कुठल्याशा दूरच्या टेकडीवरून त्याच जातीच्या अळ्या आणल्या, ओल्या कापसावर ठेवून, डबी मांडीवर धरून. पुढच्या उन्हाळ्यात रानओव्यावर निळं फुलपाखरू बसलं. लोक जमले, साहेब आले, पाखऱ्याला पुढे उभं केलं आणि त्याच्या गळ्यात हार घातला.

"आली बघा परत, दादा!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"ही ती नव्हेत ना, बाई? ही दुसरीकडची."

"जात तीच आहे. तुम्हाला फरक ओळखता येणार नाही."

"बरं झालं," पाखऱ्या म्हणाला. आणि त्याला खरंच बरं वाटलं, फुलपाखरांचं. एका माळावरचं मेलं तर दुसऱ्या माळावरचं आणून ठेवता येतं, हे त्यांचं नशीब.

फाटक आता कायम उघडं असायचं. किल्ली बायकोने एका बरणीत टाकून ठेवली होती. नोकरी संपली तरी पाखऱ्या थंडीच्या दिवसांत तो जाड कोट घालून फाटकापाशी जाऊन बसायचा. एका संध्याकाळी मेंढपाळाचा कळप आत पसरला होता आणि ऊन उतरत होतं. पाखऱ्याने जीभ टाळ्याला लावली आणि हाक काढली. 'ट्र्र्र, हेऽया.' या वेळी ती बरोबर जमली. इतकी बरोबर, की खाली गल्लीच्या टोकाला त्याची बायको हातातलं काम टाकून अंगणात आली.

एकाही मेंढीने मान वर केली नाही.

"आजोबा, माझी मेंढरं ही हाक ओळखत नाहीत," मेंढपाळ हसत म्हणाला.

"माहीत आहे," पाखऱ्या म्हणाला. तो फाटकाच्या गजाला धरून उठला, मेंढ्यांकडे पाठ केली, आणि रस्त्याकडे तोंड करून त्याने पुन्हा हाक दिली.